राव्हेन एमपी-२५ : सत्तर डॉलरच्या पिस्तुलासाठी सुटे भाग शोधत बसावं का?

ओहायोकर

सासरे गेल्यावर त्यांचं कपाट आवरताना पत्र्याच्या डब्यात एक पिस्तूल निघालं. राव्हेन एमपी-२५, तळहातात मावणारं, क्रोमचं. १९८७ साली पेट्रोल पंपावर रात्रपाळी करायचे तेव्हा सत्तरेक डॉलरला घेतलेलं. गल्ल्याखालच्या खणात पडून असायचं, चालवायची वेळ कधी आली नाही. मागे-पुढे सरकणाऱ्या वरच्या भागाचं, म्हणजे स्लाइडचं, क्रोम हात लागून लागून उडालंय, खालचा राखाडी धातू दिसतो.

उघडून पाहिलं तर फायरिंग पिनचं, म्हणजे काडतुसावर आदळून ते उडवणाऱ्या सळईचं, टोक तुटलेलं. भिंग लावलं तर तुटलेलं तोंड साखरेसारखं रवाळ. कधीतरी कुणीतरी रिकाम्या पिस्तुलाचा चाप ओढत बसलं असणार. या पिस्तुलात तीच पिन गोळी उडाल्यावर काडतुसाचं रिकामं खोकं बाहेर ढकलते, म्हणजे ती गेली की दोन्ही कामं गेली.

तीन आठवडे पिन शोधतोय. दोन गनस्मिथनी, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्यांनी, हात जोडले. "आमच्या तासाभराच्या मजुरीत असली पिस्तुलं येतात," म्हणाले. एका ऑनलाइन विक्रेत्याने राव्हेनची म्हणून भलत्याच पिस्तुलाची पिन पाठवली आणि परत घ्यायला नकार दिला.

माझं मत स्पष्ट आहे. वस्तू स्वस्तातली आहे म्हणून दुरुस्तीच्या लायकीची नाही, हे मला पटत नाही. हेच जुनं कोल्ट असतं तर त्याच गनस्मिथने खुर्ची पुढे केली असती. तुम्हाला काय वाटतं?

लेथवाला

पिन मिळेल हो. प्रश्न पिनचा नाहीच.

या पिस्तुलाची फ्रेम (खालचा सांगाडा) आणि स्लाइड पोलादाची नाही, झॅमॅक नावाच्या मिश्रधातूची आहे. जस्तात साधारण चार टक्के अ‍ॅल्युमिनियम, जोडीला थोडं मॅग्नेशियम आणि तांबं. ४०० अंश सेल्सियसच्या आतच वितळतं, साच्यात झरझर ओतता येतं, म्हणून तर पिस्तूल सत्तर डॉलरला मिळालं. नळाची तोटी, दाराची मूठ, खेळण्यातली मोटार यांसाठी उत्तम धातू. पण वारंवार दणके बसले की थकतो, आणि भेग पडली तर वेल्डिंगने सांधता येत नाही.

आता याची रचना बघा. गोळी सुटताना स्लाइड कशालाच अडकवलेली नसते. तिचं वजन आणि मागची स्प्रिंग, एवढ्यावरच सगळं. यात लागणारं २५ एसीपी काडतूस छोटं असलं तरी आतला दाब २५,००० पीएसआयपर्यंत (चौरस इंचाला पौंड) जाऊ शकतो. पस्तीस-चाळीस वर्षांची स्प्रिंग ढिली पडली की स्लाइड जोरात मागे येते आणि जस्तावर जस्त आपटतं. तुम्ही नवी पिन घालणार, पिस्तूल चालू होणार, आणि थकलेल्या अंगाला पुन्हा कामाला जुंपणार. बंद पडलंय ते बरंच झालं म्हणा.

जुनापुराणा

लेथवाल्यांशी अर्धा सहमत. स्प्रिंगचं बोलणं सोळा आणे खरं. पण त्यावरून "सोडून द्या" कसं निघतं? स्प्रिंग हाच तर सगळ्यात स्वस्त भाग. मी अशा पिस्तुलांना हात लावला की आधी ती स्लाइडमागची रिकॉइल स्प्रिंग बदलतो, मग बाकीचं बघतो.

ओहायोकर, तुम्ही चुकीच्या दारात उभे आहात. गनस्मिथला यात पैसा नाही, त्याला दोष देऊ नका. न्यू यॉर्क राज्यातल्या न्यूमरिचसारख्या जुन्या सुट्या भागांच्या पेढीकडे जा. त्यांच्याकडे पिस्तूल सुटं करून काढलेली चित्रं असतात. चित्रातल्या क्रमांकावरून भाग मागवायचा, नावावरून कधीच नाही. "राव्हेनची पिन" म्हणालात की तुमच्यासारखी फसगत होते, कारण आधीचं पी-२५, एमपी-२५ आणि नंतर फीनिक्स आर्म्स कंपनीने काढलेलं राव्हेन हे तिघं सख्खे भाऊ असले तरी एकाचा सदरा दुसऱ्याला बसेलच असं नाही. सेफ्टीसुद्धा, म्हणजे गोळी चुकून सुटू नये म्हणून असलेली कळ, मध्येच बदललेली आहे. आपला भाग मोजा, फोटो काढा, विक्रेत्याकडून त्याच्याही भागाचा मापासकट फोटो मागवा.

मूळ कारखाना १९९१ साली जळाला, म्हणून बरेच जण आशा सोडतात. पण पिस्तुलं अफाट संख्येने बनली होती आणि फीनिक्स आर्म्सने पुढेही तो नमुना काढला. भाग अजून फिरतायत.

आणखी एक. काही जण भागांसाठी दुसरं मोडकं पिस्तूलच विकत घेतात. घ्या, पण लक्षात ठेवा, अमेरिकी केंद्रीय कायद्यात फ्रेम म्हणजेच बंदूक. पिन, स्प्रिंग, मॅगझिन (काडतुसं भरायची डबी) टपालाने घरी येतात. फ्रेम मागवली तर ती परवानाधारक विक्रेत्यामार्फतच यायला हवी, मग ती कितीही मोडकी असो. राज्याचे नियम वेगळे, ते आधी बघा.

निशिगंध

तुम्ही सगळे भागांवर बोलताय. मी वस्तूबद्दलच बोलते.

१९६८ च्या गन कंट्रोल अ‍ॅक्टने छोट्या स्वस्त पिस्तुलांची आयात रोखली. बेबी ब्राउनिंगसारखं नीट बनवलेलं पोलादी पिस्तूलही आकारामुळे त्यात अडकलं. पण देशात बनवण्यावर ते निकष लावलेच नाहीत. जॉर्ज जेनिंग्जने १९७० साली राव्हेन काढलं ते या मोकळ्या जागेत. मग लॉस एंजेलिसच्या आसपास एकेक कारखाना उभा राहिला आणि १९९४ साली संशोधक डॉ. गॅरेन विंटमूट यांनी कारखान्यांच्या त्या वर्तुळावर अहवाल लिहिला, त्याचं नावच 'रिंग ऑफ फायर', आगीचं कडं.

त्याच जेनिंग्ज घराण्यातल्या ब्रायको कंपनीची गोष्ट माहीत असेल. तिचं मॉडेल ३८ पिस्तूल रिकामं करायला स्लाइड ओढावी लागे आणि स्लाइड ओढायला सेफ्टी काढावी लागे. १९९४ साली तसं करताना गोळी सुटली आणि सात वर्षांचा मुलगा कायमचा अपंग झाला. २००३ साली ज्युरीने कंपनीलाही जबाबदार धरलं, कंपनी दिवाळखोरीत गेली. कॅलिफोर्नियाने तर हातातून पडल्यावर पिस्तूल उडतं का याची चाचणीच नव्या विक्रीसाठी सक्तीची केली.

सासऱ्यांबद्दलची माया मला कळते. पण माया डब्यातही राहते. त्यासाठी पिस्तूल चालू असण्याची गरज नाही.

ओहायोकर

निशिगंधताई, ब्रायकोचं वाचून गप्प झालो. घरात नऊ वर्षांची मुलगी आहे, पिस्तूल तिजोरीत आहे आणि काडतूस घरात एकही नाही.

पण एक सांगू? तुम्ही सांगितलेला इतिहास कारखानदारांचा आणि कायद्याचा. घेणाऱ्यांचाही एक आहे. रात्री दोन वाजता पंपावर एकटा उभा असलेला माणूस चारशे डॉलरचं पिस्तूल कुठून आणणार? त्याला परवडलं ते त्याने घेतलं. आज त्याच्या पिस्तुलाला "कचरा" म्हणतात तेव्हा मला ते त्याला म्हटल्यासारखं लागतं.

निशिगंध

तुमच्या सासऱ्यांना कुणी नावं ठेवलेली नाहीत. त्यांना चांगलं काही परवडत नव्हतं, म्हणून त्यांच्या गळ्यात हे मारलं गेलं. राग धरायचा तर त्याचा धरा.

लेथवाला

वाद बाजूला ठेवून एक काम करा. पिस्तूल रिकामं आहे ना ते दोनदा बघा, सुटं करा. स्लाइड आणि फ्रेमवर पातळ तेल चोळा, रात्रभर राहू द्या. सकाळी फडक्याने अगदी कोरडं पुसा आणि वरून खडूची बारीक भुकटी भुरभुरा. भेग असेल तर आत मुरलेलं तेल वर येतं आणि भुकटीत काळपट रेघ उमटते. आमच्या वडिलांच्या कारखान्यात ओतीव भाग असेच तपासायचे. खिडकीचे कोपरे नीट बघा, खोकं बाहेर पडतं ती खिडकी. रेघ दिसली नाही म्हणजे भेग नाहीच असं नव्हे. पण दिसली तर विषय संपला.

जुनापुराणा

+१. हे मीही आधी सांगायला हवं होतं.

ओहायोकर

परवा न्यूमरिचकडून पिन आली, चित्रातल्या क्रमांकावरून मागवलेली. कॅलिपर लावला, माप तंतोतंत. काल रात्री तेल लावून ठेवलं आणि आज सकाळी मुलीच्या फळ्याचा खडू किसून भुरभुरला.

फ्रेम स्वच्छ. स्लाइडवर खिडकीच्या मागच्या खालच्या कोपऱ्यातून तिरकी रेघ. नखाएवढी. पुसून पुन्हा भुकटी टाकली, दहा मिनिटांनी पुन्हा तिथेच उमटली.

जुनापुराणा

वाईट वाटलं. पण स्लाइडही सुटी मिळते, आणि ती फ्रेम नसल्याने केंद्रीय कायद्यात बंदूक धरत नाहीत. वापरलेली घ्यावी लागेल, तिलाही हीच खडूची चाचणी करा. हवी तर शोधून देतो.

लेथवाला

वापरलेली स्लाइड म्हणजे दुसऱ्याचा थकवा विकत घेणं. माझं मत बदललेलं नाही.

ओहायोकर

बायकोला रेघ दाखवली. ती बराच वेळ स्लाइड हातात घेऊन बसली होती. वडिलांचा अंगठा जिथे टेकायचा ते उडालेलं क्रोम त्या स्लाइडवरच आहे. दुसरी बसवली तर पिस्तूल चालेल, पण ते त्यांचं राहणार नाही. म्हणून स्लाइड नको.

दुरुस्त करावं हे माझं मत आजही कायम आहे. फ्रेमइतकीच स्लाइडही धड निघाली असती तर मी पिन आणि स्प्रिंग दोन्ही घातली असती. आता तुटक्या पिनसकट जोडून ठेवलंय.

जुनापुराणा, नवी पिन पाकिटातच आहे. तुमच्या हाताखालून अशी पिस्तुलं जातात, एखाद्याला उपयोगी पडेल. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, सोमवारी टपालात टाकतो.