मदत हवी आहे: आर्जेंटिनाचा हुहुय प्रांत, चार दिवसांचा क्रम कसा लावू?

प्रवासी_मे
नमस्कार मंडळी. ब्युनोस आयर्सहून विमानाने हुहुयला जायचंय. हातात चार दिवस, पाचव्या दिवशी परतीचं विमान. गाडी भाड्याने घेणार आहोत. सोबत आईबाबा, दोघेही साठीपुढचे आणि शाकाहारी.
सध्याचा बेत असा: उतरल्या दिवशी थेट सालिनास ग्रान्देस (मिठाचं मोठं मैदान), दुसऱ्या दिवशी ओर्नोकाल (रंगीत डोंगररांग), मग तिल्कारा गाव, शेवटी ला किआकाहून पलीकडे बोलिव्हियात एक चक्कर. उंची झेपेल का? मे बरा की ऑगस्ट?

पायवाट
क्रम उलटा करा, नाहीतर पहिल्याच दिवशी डोकं धरून बसावं लागेल. विमानतळ हजार मीटरच्याही खाली आहे आणि सालिनासच्या वाटेवरची लिपान खिंड ४१७० मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या अडीचपट. शरीराला सवय व्हायला रात्री लागतात, तास नाही.

पहिल्या दिवशी पुर्मामार्काला (साधारण २३०० मीटर) मुक्काम करा. जेवण हलकं, पाणी भरपूर, मद्य नको. दुसऱ्या दिवशी सकाळी सात रंगांचा डोंगर बघा. ऊन समोरून पडतं ते सकाळीच, दुपारनंतर रंग मावळतात. तो पूर्ण दिसतो रस्त्यापलीकडच्या टेकाडावरून, गावातून नाही. मग २५ किमीवर तिल्काराचा पुकारा, म्हणजे टेकडीवरची जुनी तटबंद वस्ती. तिथल्या माथ्यावरचा पिरॅमिड जुना समजून फोटो काढले जातात, पण तो १९३५ सालचा, उत्खनन करणाऱ्या पुरातत्त्वज्ञांचं स्मारक आहे. खरं बघायचं ते खालच्या उतारावर: दगडी भिंतींची घरं, अरुंद वाटा, गुरांचे वाडे. ओमाग्वाकांची वस्ती ती, पुढे इंकांच्या ताब्यात गेली.

तिसऱ्या दिवशी सालिनास, चौथ्या दिवशी उमावाका गाव आणि ओर्नोकाल. ओर्नोकालचं दृश्य बघण्याचं ठिकाण ४३५० मीटरवर, उमावाकापासून २५ किमी कच्चा रस्ता. तिथे चांगलं ऊन दुपारी चारनंतर, पण मे महिन्यात अंधार लवकर पडतो आणि उतरताना वळणं दिसायला हवीत, म्हणून उमावाकाहून तीनलाच निघा. गाडी भाड्याने देणारे काही जण कच्च्या रस्त्यावर विमा देत नाहीत. करार वाचा, नाहीतर उमावाकाच्या चौकातून स्थानिक गाडी घ्या. वर पंधरा-वीस मिनिटं पुरे. दृश्य बघण्याच्या जागेपासून खाली उतरू नका, परत चढताना धाप लागते.

चौथ्या दिवशी वाटेत उकियाचं चर्च चुकवू नका. १६९१ सालचं छोटं पांढरं देऊळच म्हणा. आत नऊ देवदूतांची चित्रं, आणि त्यांच्या हातात तलवारी नाहीत, बंदुका आहेत! झालरीचे कपडे, पिसांच्या टोप्या, खांद्यावर बंदूक. बाराच्या ठोक्याला मात्र उमावाकात असा, नगरभवनाच्या घड्याळातून सान फ्रान्सिस्को सोलानोची मूर्ती बाहेर येऊन आशीर्वाद देते.

ला किआका गाळा. उमावाकाहून एका बाजूला दीडशेहून जास्त किमी, आणि बोलिव्हियासाठी वेगळा व्हिसा लागतो. आर्जेंटिनाचा व्हिसा एकदाच प्रवेशाचा असेल तर परतीलाच अडकाल.

सब्जा_बी
खाण्याचं: उमिता मागा, किसलेल्या ओल्या मक्याचं सारण कणसाच्या पानात गुंडाळून उकडलेलं, आपल्या पातोळ्यांची आठवण व्हावी असं. लोक्रो (मक्याचा दाट रस्सा) आणि तामालमध्ये (मक्याच्या पिठाचं, पानात उकडलेलं) बहुतेक वेळा मांस असतं. चीजच्या एम्पानादाच्या (करंजीसारखा पदार्थ) पारीत मात्र बऱ्याचदा गुरांची चरबी मळलेली असते. विचारा: 'ला मासा तिएने ग्रासा?' (कणकेत चरबी आहे का?) 'सी', म्हणजे हो, म्हटलं तर सोडा. निखाऱ्यावर भाजलेली, चीज-टोमॅटो भरलेली तोर्तीया रस्त्याकडेला मिळते, पण कणकेबद्दल तोच प्रश्न.

कोकाची पानं चघळणं तिथे कायदेशीर आहे, मळमळीवर चहाही देतात. पण एक पानसुद्धा बॅगेत राहू देऊ नका, भारतात ते एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यात बसतं. बाबांना रक्तदाब किंवा हृदयाचं काही असेल तर वर जाण्याआधी डॉक्टरांना विचारा. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरचं औषध) हेही डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय नको.

प्रवासी_मे
खूप आभार! ला किआका गाळलं. आता ऑगस्टचं सांगा.

सब्जा_बी
१ ऑगस्टला पाचामामाचा, म्हणजे धरतीमातेचा दिवस. जमिनीत खड्डा खणून धरतीला अन्न, चिचा (मक्याचं आंबवलेलं पेय), कोकाची पानं अर्पण करतात. महिनाभर चालतं. घरगुती विधी आहे, कुणी बोलावलं तरच जा. २३ ऑगस्टला १८१२ च्या स्थलांतराचं स्मरण: स्वातंत्र्ययुद्धातला सेनापती बेल्ग्रानो याच्या आदेशावरून लोकांनी पिकं जाळून तुकुमानची वाट धरली, स्पेनच्या बाजूच्या फौजेच्या हाती दाणा लागू नये म्हणून. त्या दिवसांत प्रांताच्या राजधानीत खोल्या आधीच धरा, आणि तिथे तेव्हा हिवाळा असल्याने रात्री कडाक्याची थंडी असते.

आनंदोत्सव हवा असेल तर फेब्रुवारी-मार्चचा कार्निव्हाल: दगडांच्या राशीतून सैतानाला बाहेर काढतात, तोंडाला पावडर, कानामागे आल्बाहाकाची डहाळी. आल्बाहाका म्हणजे आपला सब्जाच, वासावरून लगेच ओळखाल. पण तेव्हा पाऊस असतो, दरडीच्या चिखलाने मार्ग ९ हा मुख्य रस्ता कधी कधी बंद पडतो. जानेवारी २०१७ मध्ये वोल्कान गावावर असाच लोंढा आला होता. आईबाबांसोबत मे उत्तम.

पायवाट
सालिनासला स्थानिक समुदायाच्या वाटाड्याशिवाय गाडी मिठावर नेऊ नका, चाकं फसतात. गॉगल आणि ओठांना मलम हवंच, ऊन खालूनही परततं. शिवाय पुर्मामार्का सोडण्याआधी टाकी भरलेली असू द्या आणि सुट्टे पेसो जवळ ठेवा, वाटाडे रोखच घेतात असं धरून चला.