परीक्षेची धास्ती: येत असूनही लिहिता न आलेल्या उत्तरांविषयी

अभ्यास केला होता, पण पेपर हातात पडला आणि काही आठवेनासे झाले, असे सांगणाऱ्या विद्यार्थ्याला बहुतेक वेळा एकच उत्तर मिळते: अभ्यास कमी पडला असेल. काही जणांच्या बाबतीत ते खरेही असते. ज्यांच्या बाबतीत ते खरे नसते, त्यांच्यावर मात्र या एका वाक्याने मोठा अन्याय होतो, आणि त्यांचे म्हणणे सविस्तर ऐकले जावे म्हणून हा धागा काढत आहे.

या भीतीचा शास्त्रीय अभ्यास जुना आहे. जॉर्ज मँडलर आणि सेमूर सॅरासन यांनी १९५२ मध्ये ती मोजण्यासाठी प्रश्नावली वापरली. पुढे १९६७ मध्ये लीबर्ट आणि मॉरिस यांनी तिचे दोन भाग वेगळे केले: एक शरीराची खळबळ, म्हणजे धडधड, घाम, कोरडा पडलेला घसा, आणि दुसरा काळजीचे विचार, म्हणजे 'मला जमणार नाही', 'नापास झालो तर काय' ही मनातली अखंड बडबड. गुण घसरण्याशी जास्त घट्ट नाते या दुसऱ्या भागाचे आहे, असे त्यानंतरच्या संशोधनात वारंवार दिसले. यामागचे कारण असे सांगितले जाते की, उदाहरण सोडवताना मधली आकडेमोड किंवा अर्धवट झालेले वाक्य आपण मनात ज्या जागी तात्पुरते धरून ठेवतो, ती कार्यस्मृती मुळातच लहान असते आणि काळजीचे विचार तीच जागा अडवतात. रे हेंब्री यांनी १९८८ मध्ये ५६२ अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले, तेव्हा भीती कमी करणाऱ्या उपचारांनंतर गुणही सुधारतात असे आढळले.

विनंती इतकीच, की सल्ला देण्याआधी आपल्या बाबतीत नेमके काय घडते ते लिहावे.

संख्याशास्त्राची विद्यार्थिनी:

पेपर हातात आला की मी पहिला प्रश्न वाचते. शब्द कळतात, पण वाक्याचा अर्थ लागत नाही, म्हणून पुन्हा वाचते. तोवर शेजारच्या बाकावर कोणीतरी लिहायला लागलेले असते आणि तो पेनाचा आवाज सोडून मला दुसरे काही ऐकू येत नाही. मग मनात वेगळाच हिशेब सुरू होतो: हा प्रश्न गेला तर किती गुण गेले, उरलेल्यांत निभावेल का, नाही निभावले तर घरी काय सांगायचे. गेल्या सत्रात प्रमाण विचलनाचे साधे उदाहरण होते. मी मध्य काढला, प्रत्येक मूल्यातून वजा केला, आलेल्या फरकांचे वर्ग केले, त्यांची बेरीज घेतली आणि संख्येने भागायचे सोडून थेट वर्गमूळ काढले. हेच उदाहरण मी वर्गात फळ्यावर सोडवून दाखवले होते. पेपर देऊन जिना उतरताना ती गाळलेली पायरी डोळ्यांसमोर लख्ख उभी राहिली.

सध्या मी दोन गोष्टी करते. लिहिण्याची परवानगी मिळताच कच्च्या कामाच्या जागेत सगळी सूत्रे उतरवून काढते, म्हणजे ती मनात धरून ठेवावी लागत नाहीत. आणि क्रमाने न जाता ज्याचे उत्तर नक्की येते त्या प्रश्नापासून सुरुवात करते. भीती गेलेली नाही, पण तो गुणांचा हिशेब आता उशिरा सुरू होतो आणि तोपर्यंत बराच पेपर हातावेगळा झालेला असतो.

इतिहासाचा विद्यार्थी:

माझी सगळी भीती शरीरात असते. आदल्या रात्री झोप नाही, सकाळी मळमळ, हाताला इतका घाम येतो की शाई पसरते. परंतु पहिले अर्धे पान लिहून झाले की सारे शांत होते आणि गुणांवर त्याचा परिणाम झाल्याचे मला कधी दिसले नाही. वर सांगितलेले दोन भाग वाचून माझे कोडे सुटले, कारण मला बाहेरून पाहणाऱ्या प्रत्येकाला वाटते की याची तयारी झालेली नाही.

गणिताची शिक्षिका:

उत्तरपत्रिका तपासताना धास्तावलेले मूल ओळखू येते, हे मी अनेक वर्षांच्या अनुभवावरून सांगते. ज्याला विषय समजलेला नाही, त्याची चूक सगळीकडे सारखीच असते. धास्तावलेल्या मुलाच्या चुकांना मात्र धरबंद नसतो: अवघड समीकरण बरोबर मांडलेले असते आणि पुढच्या ओळीत सात नि आठची बेरीज चुकलेली असते, बरोबर उत्तर लिहून, खोडून त्याखाली चुकीचे लिहिलेले असते, पुरवणीच्या पहिल्या पानावर अक्षर वेडेवाकडे आणि चौथ्या पानावर नेहमीचे वळणदार असते. अशा एका मुलीला मी तोच पेपर दुसऱ्या दिवशी, गुण मोजले जाणार नाहीत असे सांगून, माझ्यासमोर तोंडी सोडवायला लावला. खोडलेली बहुतेक उत्तरे तिने न अडखळता सांगितली. त्या कागदावरचे गुण तिच्या गणिताचे नव्हते, हे मला त्या दिवशी पुरते पटले आणि तेव्हापासून मी परीक्षा घेण्याची पद्धतच बदलली.

पहिला प्रश्न मी सर्वांना येईल असाच ठेवते. दर आठवड्याला छोटी चाचणी घेते आणि तिचे गुण कुठेही नोंदवत नाही. आठवून लिहिण्याची सवय व्हावी हा एक हेतू आणि परीक्षेच्या वातावरणाचा बाऊ वाटू नये हा दुसरा. वाचलेले पुन्हा वाचण्यापेक्षा ते आठवून पाहिल्याने अधिक काळ लक्षात राहते, हे रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ मध्ये प्रयोगाने दाखवले आहे, त्यामुळे या चाचण्यांत वेळ फुकट जात नाही. उरलेला वेळ मोठ्याने सांगत फिरणे मी बंद केले आहे. फळ्यावर लिहून ठेवते, ज्याला हवे तो पाहतो. गुण सर्वांसमोर वाचून दाखवण्याची प्रथा तर मुळीच नसावी असे माझे ठाम मत आहे.

विधीचा विद्यार्थी:

मला थोडे वेगळे म्हणायचे आहे. परीक्षा जवळ आली नाही तर माझ्या हातून अभ्यासच होत नाही, आणि भीतीनेच मला आजवर तारले आहे. तिला सरसकट शत्रू ठरवू नये.

धागाकर्ती:

आपले म्हणणे रास्त आहे. अल्पर्ट आणि हेबर यांनी १९६० मध्येच मदत करणारी आणि अडथळा आणणारी अशी दोन प्रकारची भीती मानली होती. त्याही आधी, १९०८ मध्ये, यर्क्स आणि डॉडसन यांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगांत काम जितके अवघड तितका कमी ताण त्याला मानवतो असे दिसले होते. अभ्यासाला बसवणारी भीती आणि पेपर लिहिताना छळणारी भीती एकाच माणसात असू शकते. पहिलीचा उपयोग होतो म्हणून दुसरी सोसावी असे मात्र होत नाही.

एका मुलाचे पालक:

चाचणीच्या दिवशी सकाळी मुलाचे पोट दुखायचे आणि घरी राहायचे ठरले की तासाभरात थांबायचे. हा बहाणा आहे असे आप्तेष्टांनी सुचवले, पण चेहरा पांढराफटक पडलेले मूल समोर असताना आम्हाला ते पटले नाही. डॉक्टरांनी तपासून शारीरिक आजार नसल्याचे सांगितले आणि समुपदेशकाकडे पाठवले. तिथे समजले की दुखणे खरेच असते, आणि चाचणी टळली की मिळणारी सुटका पुढच्या वेळची भीती आणखी घट्ट करते. म्हणून आधी नुसते वर्गात जाऊन बसणे, मग पाच प्रश्नांची चाचणी, मग अर्धा पेपर, अशा पायऱ्या ठरल्या. मधे तो एकदा परत मागे गेला. तेव्हा वरची पायरी न रेटता खालचीच पुन्हा घेतली. आता पूर्ण पेपर देतो. अजूनही पोट दुखते, पण तो जातो.

समुपदेशक:

माझ्याकडे येणाऱ्या विद्यार्थ्यांत ढोबळमानाने दोन प्रकार दिसतात आणि दोघांना एकच औषध चालत नाही. काहींची तयारी खरोखरच कच्ची असते, त्याची त्यांना आतून जाणीव असते आणि भीती त्यातून येते. त्यांना श्वासाचे व्यायाम शिकवण्याआधी अभ्यासाची रीत सुधारून द्यावी लागते. इतरांची तयारी चोख असते, परंतु एका पेपरावर त्यांनी स्वतःची सगळी किंमत लावलेली असते. अशांना मी कधी कधी परीक्षेआधी दहा मिनिटे मनातली भीती जशीच्या तशी कागदावर लिहायला सांगतो. रामिरेझ आणि बायलॉक यांच्या २०११ मधील प्रयोगांत अशा लिखाणाचा फायदा जास्त धास्तावणाऱ्या विद्यार्थ्यांना झाला होता. सर्वांनाच तो होतो असे मी म्हणणार नाही. लिहून भीती वाढली असे सांगणारेही मला भेटले आहेत आणि त्यांना मी ते थांबवायला सांगतो. झोप उडाली असेल, जेवण सुटले असेल, श्वास कोंडल्याचे झटके येत असतील किंवा जगणे नको वाटत असेल, तर परीक्षा होईपर्यंत थांबू नये, लगेच तज्ज्ञांना भेटावे.

संशोधक विद्यार्थिनी:

आतापर्यंत सर्व लेखी परीक्षांविषयी आले, म्हणून तोंडी परीक्षेचे लिहिते. कागदावर खोडता येते, समोर बसलेल्या परीक्षकांपुढे गप्प राहिलेला वेळ खोडता येत नाही, आणि माझी कोंडी तिथेच होते. प्रश्न ऐकताना मी उत्तराचा विचार करत नाही, परीक्षकांच्या चेहऱ्यावर माझ्याविषयी काय उमटले आहे ते वाचू लागते. मागच्या खेपेला एका परीक्षकांनी आपणहून सांगितले, "घाई नाही, आधी आकृती काढा, मग बोला." खडू हातात आला, पाठ त्यांच्याकडे झाली आणि आकृती पूर्ण होईपर्यंत उत्तराचा पहिला भाग मनात जुळून आला होता. आता मी तशी परवानगी स्वतःच मागते. मात्र ज्या प्रश्नाला आकृती नसते, तिथे मध्येच शब्द थांबल्यावर पुन्हा सुरुवात कशी करावी हे मला अजून उमगलेले नाही. तोंडी परीक्षा दिलेल्या किंवा घेतलेल्या कोणी यावर लिहिले तर मला हवे आहे.