फूल, पाकळी की दमडी? ‘लहानसं देणं’ याला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न

आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) अंकासाठी एक लेख मराठीत करतेय. विषय असा की ख्रिस्ती विश्वासात आणि सेवेत छोट्या छोट्या देण्याला एवढी किंमत का. ‘औदार्याची लहान कृत्ये’ असं लिहून ठेवलं आणि माझं मलाच हसू आलं. असं बोलतं कोण? ‘फूल ना फुलाची पाकळी’ आणि ‘खारीचा वाटा’ एवढे दोन सुचलेत. बायबलमधल्या, मंदिराच्या दानपेटीत दमडी टाकणाऱ्या गरीब विधवेच्या गोष्टीला यातलं कुठलं लावू? की तिसरंच काही आहे?

प्रतिसाद १

खारीचा वाटा. सगळ्यांना कळतो. विषय संपला.

प्रतिसाद २

इतक्यात नका संपवू हो! खारीची गोष्ट रामायणाच्या लोककथेतली, म्हणून ती ख्रिस्ती लेखात नको, असं मी म्हणणार नाही. ती आता भाषेची झाली. माझी अडचण ‘वाटा’ या शब्दाची आहे. वाटा म्हटला की समोर एखादं मोठं काम लागतं. सेतू बांधला जातोय, म्हणून खारीच्या वाळूला अर्थ.

बायबलच्या नव्या करारात असं देणं आहेच. प्रेषित पौल यरुशलेमेतल्या गरिबांसाठी वर्गणी गोळा करतो आणि करिंथ शहरातल्या मंडळीला सांगतो, की दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या कमाईच्या मानाने काही बाजूला काढून ठेवावं (१ करिंथ १६:२). तिथे खारीचा वाटा चपखल बसतो. पण मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या (१०:४२) प्यालाभर पाण्याचं काय? तिथे कुठला सेतू? एकाला तहान लागलीय, दुसऱ्याने पाणी दिलं, काम तिथेच पुरं झालं. त्या प्याल्याला आणखी कशाचा भाग व्हायची गरज नाही.

जाता जाता एक गंमत. त्या ओळीत मूळ ग्रीकमध्ये ‘पाणी’ हा शब्दच नाही. नुसतं ‘प्यालाभर थंड’ एवढंच आहे. पाणी आपण धरून घ्यायचं. मार्क ९:४१ मध्ये पाणी आहे, पण तिथे ‘थंड’ नाही. आता थंडच का? बायबलचं लॅटिन भाषांतर करणाऱ्या संत जेरोमने याचं दिलेलं कारण मला फार आवडतं: पाणी तापवायला सरपण कुठून आणू, ही सबबसुद्धा कुणाला सांगता येऊ नये म्हणून.

प्रतिसाद ३

पाकळीबद्दल बोलतो. ‘फूल ना फुलाची पाकळी’ हे देणाऱ्याने स्वतःच्या देण्याबद्दल बोलायचं असतं. ‘आमच्याकडून आपलं फूल ना फुलाची पाकळी’ असं म्हणत आपण पाकीट पुढे करतो. घेणारा कधी म्हणतो का, ‘तुमची पाकळी पोचली’? म्हणाला तर पुढच्या वेळी पाकीटच यायचं नाही. तेव्हा ती विधवा स्वतः काही बोलली असती तर पाकळी चालली असती. पण ती अख्ख्या गोष्टीत एक शब्द बोलत नाही. तिच्या देण्याला आपण परस्पर पाकळी म्हटलं, तर आपण तिचं माप काढतोय.

आणि माप काढायचंच तर नीट काढू. मराठी बायबलात ‘दोन टोल्या म्हणजे एक दमडी’ असं आहे. ग्रीकमध्ये दोन ‘लेप्टा’, म्हणजे एक ‘कोद्रान्तेस’. हा खुलासा शुभवर्तमान लिहिणारा मार्क स्वतःच करतो. दुसरा शुभवर्तमानकार लूक तीच गोष्ट सांगतो पण हिशेब गाळतो. कोद्रान्तेस म्हणजे रोमी ‘क्वाद्रान्स’, ‘अस’ या नाण्याचा चौथा हिस्सा. १६ असांचा एक दिनार, म्हणजे एका दिनाराचे ६४ क्वाद्रान्स आणि १२८ लेप्टा. मत्तय २० मधल्या द्राक्षमळ्यात दिवसभराची मजुरी एक दिनार ठरते. म्हणजे बाईने टाकलं ते दिवसाच्या मजुरीचा चौसष्टावा हिस्सा.

पण येशू मोजतो ते मागे काय उरलं ते. तिच्या हातात काही उरलं नाही. ‘आपली सर्व उपजीविका’ टाकली, असं आपण वाचतो. तिथला ग्रीक शब्द ‘बिओस’, म्हणजे जगणं आणि जगण्याचं साधन दोन्ही. हे अख्खं फूल झालं, देठासकट! पाकळी कुठली?

‘दमडी’ मात्र ज्याने कुणी निवडली त्याला दाद द्यायला हवी. अकबराच्या काळच्या ‘दाम’ या तांब्याच्या नाण्याचा आठवा हिस्सा म्हणजे दमडी. आणि मराठीत दमडी ओळखली जाते ती कंजूषपणावरून: चमडी जाईल पण दमडी जाणार नाही. तेच नाणं इथे सगळ्यांत सैल हातातून पडतं.

प्रतिसाद ४

त्या गोष्टीला हार घालण्याआधी दोन ओळी वर वाचा. मार्क १२:४० मध्ये येशू शास्त्र्यांवर तुटून पडतो, कारण ते विधवांची घरं गिळतात. लगेच पुढे ही विधवा येते. ती सगळ्यांपेक्षा जास्त टाकून गेली, एवढंच तो म्हणतो. ‘तुम्हीही असंच करा’ असं तिथे कुठे नाही. काही अभ्यासक यात कौतुकाइतकीच हळहळ वाचतात आणि मला ते पटतं. अर्पणाची पिशवी फिरवताना ही गोष्ट सांगायची म्हणजे जिच्याकडे काहीच नाही तिच्याकडेच हात पसरणं. लेखात हे नक्की घ्या, ताई.

प्रश्नकर्ती

‘आपणही त्या विधवेसारखे होऊ या’ हे वाक्य आत्ताच खोडलं. आभार. मग ‘दान’, ‘उपकार’, ‘दानधर्म’ यांचं काय करू?

प्रतिसाद २

‘उपकार’ नको. मराठीत उपकाराचं ओझं होतं आणि ते फेडावं लागतं. लूक १४ मध्ये नेमकं उलट सांगितलंय: ज्यांना परतफेड करता येत नाही त्यांना जेवायला बोलवा.

‘दानधर्म’ जरूर ठेवा. मत्तय ६ मध्ये, उजव्या हाताचं डाव्याला कळू नये म्हणतात तिथे, मराठीत हाच शब्द आहे. हिब्रूतल्या ‘त्सदाका’चा मूळ अर्थ नीती, न्याय, पुढे तोच शब्द गरिबाला द्यायच्या दानासाठी रूढ झाला. आपल्याकडेही ‘धर्म करणे’ म्हणजे देणे. दोन्ही भाषांनी देण्याला मेहेरबानी न मानता कर्तव्यात बसवलं.

प्रतिसाद ५

इतकी चर्चा झाली आणि ‘दानत’ कुणालाच आठवली नाही?

‘द्यायची दानत लागते’ असं आपण म्हणतो तेव्हा किती दिलं हा प्रश्नच नसतो. शब्द ‘दान’चा सख्खा वाटतो, पण तो अरबी ‘दियानत’वरून आला, अर्थ सचोटी. म्हणून तर ‘त्याची दानत चांगली नाही’ म्हणजे ‘त्याची नियत वाईट’ असाही वापर आहे. मराठीने ‘दान’च्या आवाजाला भुलून त्याला औदार्याकडे ओढलं असावं, असा माझा तर्क.

आता पौलाकडे या. मासेदोनियातल्या मंडळ्या स्वतः कंगाल असून भरभरून देतात, असं तो २ करिंथ ८:२ मध्ये लिहितो. मराठीत तिथे औदार्य आहे. ग्रीकमध्ये ‘हाप्लोटेस’, मूळ अर्थ सरळपणा, मनात दुसरं काही नसणं. सचोटीवरून औदार्याकडे, ही वाट ‘दानत’ही चाललीय आणि ‘हाप्लोटेस’ही. दोघांची ओळख असायचं काही कारण नाही, पण भेट मोठी सुरेख झालीय.

प्रश्नकर्ती

हे वाचून लेखाची सुरुवातच बदलली. आई अंथरुणाला खिळली होती तेव्हा मंडळीतल्या एक मावशी दर शनिवारी यायच्या. प्रार्थना दोन मिनिटांची. मग वाटीत कोमट पाणी घेऊन आईची बोटं भिजवायच्या, नखं कापायच्या, पदरात पडलेले तुकडे वेचून कागदात बांधायच्या. नखं कापायचं आम्हाला घरच्यांना सुचलंच नव्हतं. त्याला त्या सेवा म्हणत नसत. ‘नखं वाढली असतील हिची’ म्हणत आत यायच्या. आता तिथूनच सुरुवात करतेय आणि विधवेला मधे ठेवतेय.

प्रतिसाद ३

छान. पण ‘दानत’ जपून वापरा. ती बहुतेक वेळा नकारात येते: ‘पैसा आहे पण दानत नाही’. होकारात आली की वाचणारा अडखळतो.

प्रश्नकर्ती

अडखळू दे. मावशींबद्दलचं वाक्य असं केलंय: ‘पैसा नव्हता, दानत होती.’ पाळकांनी पेन्सिलीने ‘औदार्य’ सुचवलंय. मी खोडरबर शोधतेय.