मदत हवी आहे: खड्ड्यात गाडीचं चाक गेलं, भरपाई कुणाकडे मागू?

भिंगरी: परवा रात्री खड्ड्यात आपटून चाक गेलं. पाणी साचलेलं, काही दिसलंच नाही. गॅरेजवाल्याने साडेनऊ हजार सांगितलेत. नगरपरिषदेत म्हणतात रस्ता पीडब्ल्यूडीचा. पीडब्ल्यूडीत म्हणतात हस्तांतर झालंय, तिकडेच विचारा. उद्या परत जायचंय. अर्ज कुणाच्या नावे लिहू? लवकर सांगा.

आडवाट: दुचाकी की चारचाकी? टायर गेला की रिम? विमा कोणता? गाव कुठलं?

भिंगरी: गाव नको, इथे सगळे ओळखतात. चारचाकीच. अलॉय वाकलाय, टायरला बाजूने लिंबाएवढा फुगा आलाय. विमा आहे की.

तात्या०७: विमा सगळ्यांचाच 'असतो'. नुसता थर्ड पार्टी असेल तर स्वतःच्या गाडीला छदाम मिळत नाही. फुल असला तरी एवढ्यासाठी क्लेम घातलात तर नो क्लेम बोनस जाईल, हिशोब करून बघा. आणि त्या फुग्यावर गाडी चालवू नका, आजच स्टेपनी लावा.

रानमेवा: आमच्या पोरांनी खड्ड्यात बेशरमाचं झाड लावलं. दुसऱ्या दिवशी रोलर हजर!

तात्या०७: अलॉय घ्यावेतच कशाला? लोखंडी डिस्क दोन हातोड्यांत सरळ होते.

कोर्टपायरी: मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्ड्यांची भरपाई ठरवून दिलीय. मृत्यू झाल्यास ६ लाख, जखमीला ५० हजार ते अडीच लाख. ठणकावून मागा.

आडवाट: अहो, ती माणसाला लागलं तर. अलॉयला नाही. गाडीसाठी नगरपरिषदेवर दावा लावायचा तर आधी महिन्याची लेखी नोटीस द्यावी लागते. साडेनऊ हजारासाठी कोण वकील धरणार?

कोर्टपायरी: असंच म्हणून सगळे गप्प बसतात. भिंगरीताई, कुणाला लागलं का?

भिंगरी: आई मागे बसली होती, तिच्या कपाळाला दोन टाके पडले. आता बरी आहे. गाडीचं सांगा ना कुणीतरी.

कोर्टपायरी: अहो ताई! हे पहिल्या ओळीत नको का सांगायला? दवाखान्याचे कागद, बिलं जपून ठेवा. भरपाई ठरवायला समिती असते. नगरपरिषदेचा रस्ता असेल तर मुख्याधिकारी आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव. रस्ता पीडब्ल्यूडीचा निघाला तर अधिकारी बदलतो, सचिव तेच राहतात. म्हणून थेट जिल्हा न्यायालयात विधी सेवेच्या ऑफिसात जा. रस्ता कुणाचा ते त्यांना ठरवू दे.

तात्या०७: मागच्या सीटवर पट्टा लावला होता का?

भिंगरी: तात्या, आई ७१ वर्षांची आहे.

तात्या०७: मग तर लावायलाच हवा.

आडवाट: दोन्ही ऑफिसांत अर्ज द्या, पोच घ्या. आवक शिक्का नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा. खड्ड्याचे फोटो आहेत ना?

भिंगरी: आत्ताच काढायला गेले होते. सकाळी मुरूम टाकून बुजवलाय!!

आडवाट: मुरमाचाच काढा, शेजारच्या दुकानाची पाटी दिसू द्या. दुकानाला कॅमेरा आहे का?

भिंगरी: आहे ना. मामाचंच दुकान आहे ते.