स्मार्ट लॉकचे सेल आणि घरचं वायफाय : तुमचे अनुभव लिहा

शेजारच्यांच्या दारावर आज स्मार्ट लॉकचा सेल संपत आल्याचा लाल दिवा लुकलुकताना दिसला आणि आमच्या लॉकचे सुरुवातीचे दिवस आठवले. सेल घातले की संपले! एकदा आई हातात पिशव्या घेऊन बाहेर ताटकळली. राउटर आतल्या खोलीत, मध्ये जाड भिंती. सिग्नल कमजोर असला की लॉक तेच तेच पुन्हा पाठवत बसतं, सेल त्यातच जातात. राउटर दाराच्या बाजूला सरकवला, वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्याला वेगळं नाव दिलं, चॅनल ऑटोवरून काढून ६ वर ठेवला. तेव्हापासून निवांत. तुमच्याकडे काय केलंत?

रातवा
डीटीआयएम! म्हणजे लॉकने राउटरच्या कितव्या बीकनला जागं व्हायचं, ते राउटरमधलं सेटिंग. आमचा १ होता, ३ केला. बीकन म्हणजे राउटरची 'मी इथे आहे' अशी हाक, साधारण १०० मिलिसेकंदांना एक. १ वर असेल तर लॉकला प्रत्येक बीकनला कान द्यावा लागतो, ३ वर दर तिसऱ्याला. ॲपवरून उघडताना किंचित वेळ लागतो, चालतंय. सगळ्या राउटरमध्ये हे सेटिंग देत नाहीत, हा राग आहे माझा.

झुळूक
आईंचं वाचून कसंतरी झालं. कीपॅडखाली दोन ठिपके आहेत का बघा. काही लॉकना तिथे ९ व्होल्टची बॅटरी टेकवली की तेवढ्यापुरतं उघडतं. आमच्या बाबांच्या पिशवीत ती कायम असते.

मोरपंखी
मेशवाल्यांनो (घरात एकाच वायफायचे दोन-तीन पॉइंट असलेल्यांनो), लॉक दोन पॉइंटांच्या मधोमध आलं की इकडून तिकडे हेलपाटे घालतं. जवळच्या पॉइंटला बांधून टाका.

जुनाखांब
वायफाय नंतर. आधी दार बघा! दमट हवेत लाकूड फुगतं, बोल्ट घासतो, मोटर जोर लावते. चौकटीतली पट्टी जरा कोरून घेतली तेव्हा आमचे सेल टिकायला लागले.

झुळूक
@जुनाखांब अगदी! दार खांद्याने ढकलावं लागत असेल तर मोटर तरी काय करणार. बरं, मुलीचा निकाल लागला का?

जुनाखांब
लागला, मनासारखा :) रात्री फोन करतो.

नवीनघर
रिचार्जेबल सेल घातले तर लगेच लो बॅटरी ओरडतं, असं का?

रातवा
ते १.२ व्होल्टचे, लॉक १.५ धरून मोजतं. अल्कलाइनच घाला.

मोरपंखी
ते डीटीआयएम कुठे सापडलं? अख्खं पान पालथं घातलं.

रातवा
ॲडव्हान्स्ड वायरलेस, अगदी खाली. २.४ गिगाहर्ट्झच्या टॅबमध्ये बघा, ५ च्या नाही.