लहानपणी झालेला छळ मोठेपणी कुठं निघतो? तुमचे अनुभव लिहा

धागाकर्ती

माझा मुलगा सातवीत आहे. जूनपासून सकाळी भरून दिलेली पाण्याची बाटली संध्याकाळी तशीच परत यायची. ओरडून झालं, समजावून झालं, नवी बाटली आणून झाली. दिवाळीच्या सुट्टीत तो घरी घटाघटा पाणी प्यायला लागला तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. खोदून विचारलं. पाणी प्यायलं की लघवीला जावं लागतं, आणि लघवीला गेलं की तिघं पोरं बाहेरून कडी घालतात. एकदा अख्खा तास तो आत होता. वर्गात परत आल्यावर बाईंनी उशिराबद्दल उभं केलं आणि ती तिघं हसली. घरी का सांगितलं नाहीस, विचारलं, तर म्हणाला, "तू म्हणशील, मस्करी करत असतील."

खरंच म्हटलं असतं. आपल्याकडं कोल्हापुरात मस्करीशिवाय पान हलत नाही. गल्लीत प्रत्येकाला टोपणनाव, तालमीत, कट्ट्यावर, फुटबॉलच्या मैदानात एकमेकांची खेचणं चालूच, आणि त्यात मायाही असते. म्हणूनच तिच्या आडून छळ खपून जातो. मला कळलेला फरक एवढाच, की मस्करीत पुढच्यालाही उलटं खेचता येतं आणि 'बास' म्हटलं की थांबतात. इथं रोज एकच पोरगा आणि रोज तीच तिघं.

शाळेशी बोलणं चालू आहे. पण मला मोठ्या माणसांकडून ऐकायचंय. शाळा सुटून वीस-वीस वर्षं झाली तरी आत काय राहतं? लिहा. नाव द्यायचं नसेल तर देऊ नका.

लेथवाला, उद्यमनगर

वय ४१. मी अडखळत बोलतो. चौथीत धडा वाचताना 'प'वर अडलो की मागच्या बाकांवरून टाळ्या सुरू व्हायच्या, शब्द सुटेपर्यंत. टाळ्यांनी तो आणखीच अडायचा. एकदा गुरुजीही हसले. चुकून हसले असतील, माणूस चांगला होता. पण त्या दिवसापासून दहावीपर्यंत मी वर्गात हात वर केला नाही. उत्तरं येत असून.

माझं नावच 'प'वरून आहे. आजही फोनवर कुणी "कोण बोलतंय?" म्हटलं की मी वर्कशॉपचं नाव सांगतो. मुलगी बघायला गेलो तेव्हा माझं नाव मामानं सांगितलं. आज धंदा चांगला आहे, हाताखाली नऊ माणसं आहेत. पण मशीन बंद झाल्यावर मागं कुणी हसलं तर माझे कान तापतात. पोरं मोबाईलवर काहीतरी बघून हसत असतात, हे मला माहीत आहे. कानांना माहीत नाही.

अडखळणं आता पुष्कळ कमी झालंय. टाळ्या मात्र सहन होत नाहीत. लेकीच्या गॅदरिंगला तिचा नाच संपला की मी चहाच्या निमित्तानं बाहेर जातो. तिला वाटतं, पप्पांना नाच आवडत नाही.

शिवाजी पेठेतली

आम्ही कोल्हापूरच्या पोरी "मी आलो, मी गेलो" म्हणतो. घरात आई, आज्जी, सगळ्याच. पुण्यात होस्टेलवर पहिल्याच आठवड्यात "मी जेवून आलो" म्हटलं आणि टेबलावर एकच हशा. पुढं वर्षभर मी 'तो' होते. "तो उठला का?" "त्याला चहा द्या." मीही हसून घ्यायची. मग हळूहळू बोलणंच कमी झालं. प्रत्येक वाक्य आधी मनात म्हणून बघायचं, मग तोंडातून काढायचं. ते अजून चालू आहे. ऑफिसच्या मीटिंगमध्ये माझं वाक्य तयार होईपर्यंत विषय पुढं गेलेला असतो.

त्या वर्षी सुट्टीला घरी आले आणि दारातून हाक मारली, "आज्जी, मी आले." आज्जी आतून म्हणाली, "कोण आलंय बघा गं." आवाज ओळखला असणार, पण शब्द माझे नव्हते. आज्जी आता नाही. तिला 'आलो' म्हणायचं राहून गेलं.

फक्त वाचत होते

मला काळी म्हणायचे. पस्तिशी ओलांडली तरी ग्रुप फोटोत मागच्या रांगेत उभी राहते. एवढंच लिहवतंय.

नाव नको, वय १९

तुमच्या वेळी निदान शाळा पाचला सुटायची. आमच्या वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप रात्री साडेअकराला जागा व्हायचा. माझ्या रडतानाच्या फोटोचा स्टिकर केला होता. ग्रुप सोडला की परत ॲड करायचे. आता कॉलेज नवं, नंबर नवा. तरी फोन थरथरला की पोटात गोळा येतो.

त्यातलाच एक

मी दुसऱ्या बाजूचा. आमच्या वर्गात एक जाड पोरगा होता. त्याचा डबा उघडून सगळ्यांना दाखवायचो आणि चपात्या मोठ्यानं मोजायचो. घरी वडील पट्ट्यानं मारायचे, शाळेत आपल्यावर कुणी हसू नये म्हणून मी आधीच दुसऱ्यावर हसवायचो. हे कारण झालं, त्यानं माझी चूक कमी होत नाही.

दोन वर्षांपूर्वी शाहू स्टेडियमवर मॅच बघताना तो दोन पायऱ्या खाली बसलेला दिसला, शेजारी त्याचं पोर. मी हाक मारली, तीही जुन्याच नावानं. दुसरं नाव मला आठवतच नव्हतं. त्यानं मागं बघितलं, पोराचा हात धरला आणि हाफटाइमच्या आधी उठून गेला. आता चार जणांना विचारून त्याचं खरं नाव आणि नंबर मिळवलाय. फोन करू का?

शाळेत समुपदेशक आहे

'मोठा झाला की विसरेल' असं पालक रोज म्हणतात. ब्रिटनमध्ये १९५८ साली एकाच आठवड्यात जन्मलेल्या हजारो मुलांचा पाठपुरावा वर्षानुवर्षं झाला. ज्यांना ७व्या आणि ११व्या वर्षी इतर मुलांनी वारंवार छळलं होतं, त्यांच्यात पंचेचाळिशीतही नैराश्य आणि चिंता जास्त आढळली. हे २०१४ साली प्रसिद्ध झालं. सगळ्यांचं तसंच होतं असं नाही. घरातल्या एकानं जरी लगेच विश्वास ठेवला तरी मूल पुष्कळ सावरतं, हे मी पाहते.

रविवारी संध्याकाळी दुखणारं पोट, न खाल्लेला डबा, रोखून धरलेली लघवी, अशा तक्रारी घेऊन मुलं येतात. आधी डॉक्टरकडं जाऊन येतात, मग माझ्याकडं. मूल सांगायला लागलं की "तू काय केलं होतंस?" हा पहिला प्रश्न नको. तारखा लिहून ठेवा, शाळेला लेखी द्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे. लेथवाले दादा आणि १९ वर्षांची ताई, टेली-मानस तुमच्यासाठीही आहे.

धागाकर्ती

'त्यातलाच एक' यांना: फोन करू नका. फोन उचलला की त्याला तिथल्या तिथं उत्तर द्यावं लागेल. चिठ्ठी लिहा, त्याच्या खऱ्या नावानं. वाचायची की नाही, हे त्याला ठरवू दे.

काल शाळेत जाऊन आलो. हो, आलो, शिवाजी पेठेतल्या ताई, हे तुमच्या आज्जीसाठी. सगळं लेखी दिलंय. तिघांच्या पालकांना बोलावणार आहेत. दारांच्या बाहेरच्या कड्या काढायचं मात्र "पुढच्या वर्षी बघू" म्हणाले.

लेथवाला, उद्यमनगर

ताई, पुढच्या वर्षी कशाला? बाहेरची कडी म्हणजे चार स्क्रू. सोमवारी वर्कशॉप बंद असतं. किती दारं आहेत ते पोराला विचारून सांगा आणि शाळेची परवानगी तेवढी घ्या. कड्या काढून भोकं बुजवून देतो, पैसे नकोत. पोरगं थांबणार असेल तर त्याच्याच हातानं काढू.