सायबेरियन स्प्रूस: पंचविसावं गुणसूत्र खरं की स्लाइडची करामत?

मूळटोक: सायबेरियन स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या बिया रुजवून मुळांच्या टोकांतली गुणसूत्रं मोजतेय. २एन = २४, म्हणजे प्रत्येक पेशीत २४ गुणसूत्रं अपेक्षित आहेत. पण काही पेशींत २५, काहींत २३ आणि एका रोपात चक्क ४८ दिसली. पद्धत: ०.२ टक्के कोल्चिसिन (पेशीविभाजन अडवणारं रसायन) रात्रभर, मग पेशी टिकवायला इथेनॉल-ॲसेटिक आम्ल ३:१, शेवटी ॲसेटोकार्माइनचा रंग. यातलं नोंदवायचं काय?

सूचिपर्णी: आधी ४८ चं बघू. रात्रभर कोल्चिसिन दिलं की तर्कू (गुणसूत्रं दोन बाजूंना ओढणारे धागे) बनत नाही, गुणसूत्रं दुप्पट होतात पण पेशी विभागतच नाही. म्हणजे हे ४८ तुम्हीच घडवलेले असू शकतात. मूळ ८-१० मिमी झालं की कापा आणि ५-६ तासांत थांबा. त्याच बियांची काही मुळं कोल्चिसिनशिवाय ठेवा. तिथेही ४८ आले तरच मिश्रगुणितता (एकाच रोपात २४ आणि ४८ गुणसूत्रांच्या पेशी) म्हणा.

२३ वर फार विचार नको. स्प्रूसची गुणसूत्रं लांबलचक, दाबताना एखादं निसटतं किंवा दुसऱ्याखाली लपतं.

२५ मात्र नीट बघा. स्प्रूसमध्ये बी-गुणसूत्रं (B, नेहमीच्या संचाबाहेरची जादा गुणसूत्रं) खरोखर असतात. ती नेहमीच्या संचातल्या सगळ्यात छोट्या गुणसूत्राहूनही बरीच लहान असतात आणि त्यांना सेंट्रोमियर (तर्कूचे धागे जोडले जातात ती जागा) असतो. जादाचं गुणसूत्र इतरांएवढंच असेल तर ते बी-गुणसूत्र नव्हे, ती ट्रायसोमी (नेहमीच्याच एका गुणसूत्राची तिसरी प्रत). सेंट्रोमियरच नसेल तर तुटका तुकडा. एका पेशीवरून काही ठरवू नका: एका रोपाच्या किमान ५-७ स्वच्छ मेटाफेजमध्ये (गुणसूत्रं मोजता येतात ती विभाजनाची अवस्था) तेच दिसायला हवं.

लोहतुरटी: कार्माइनने स्प्रूस फिका येतो, पेशीद्रव्यही रंगतं. ४ टक्के लोह-तुरटीत १५-२० मिनिटं, मग पाणी बदलत भरपूर धुवा (तुरटी राहिली तर सगळंच काळं), नंतर ॲसेटोहिमॅटॉक्सिलिनने रंगवा. टोकाचा १ ते १.५ मिमी भागच घ्या. त्यावरच्या पेशी विभागत नाहीत, नुसती गर्दी करतात. आणि कोल्चिसिन विषारी आहे, हातमोजे घालूनच.

मूळटोक: धन्यवाद. दलदलीतल्या झाडांच्या बियांत ॲनाफेजचे (गुणसूत्रं दोन बाजूंना जातात ती अवस्था) पूल, म्हणजे दोन बाजूंमध्ये ताणलेली गुणसूत्रं, आणि तुकडेही जास्त दिसतात. ते जागेमुळे म्हणता येईल?

सूचिपर्णी: बिया किती जुन्या? साठवणीत बी म्हातारं झालं की पहिल्या विभाजनांतच गुणसूत्रं तुटलेली दिसतात. दलदलीच्या बिया तीन वर्षांच्या आणि कोरड्या जमिनीच्या यंदाच्या, असं असेल तर तुम्ही जागा नाही, साठवण मोजताय. एकाच वर्षी गोळा केलेल्या, सारख्याच ठेवलेल्या आणि साधारण सारख्या टक्क्याने रुजणाऱ्या बियाच एकमेकींशी ताडा. पूल मोजायला कोल्चिसिन मुळीच नको, त्याने ॲनाफेज होतच नाही. तुमचे पूल बिनकोल्चिसिनच्या मुळांतले आहेत ना?

मूळटोक: हो, ती वेगळी तुकडी होती. बियांची वर्षं मात्र वेगळी आहेत. पुन्हा मोजते.